अमाइन की आयनिक द्रव? कार्बन डायऑक्साइड पकडण्यावर पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

एमएस्सी झाली, नेट निघाली, आणि गाइडने दोन विषय पुढे ठेवले: अमाइन (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रसायन) द्रावणं किंवा आयनिक द्रव (द्रवरूप राहणारी मीठं). दोन्हींचा हेतू एकच, कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढणं. बरेच विद्यार्थी आयनिक द्रवांकडे ओढले जातात. विषय नवा वाटतो, रेणू स्वतः घडवता येतात आणि शोधनिबंध लवकर निघतात. अमाइन म्हणजे जुनं, वासाचं, लोखंड खाणारं रसायन.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. द्रवात वायू किती मावतो, या एका आकड्यावर विषय निवडू नका. द्रव किती चिकट आहे, ओल्या वायूत तो कसा वागतो आणि तो पुन्हा वापरण्याजोगा करायला किती उष्णता लागते, हे आधी बघा. हे तिन्ही बघितल्यावर आयनिक द्रव टाकाऊ ठरत नाहीत, मात्र त्यांची खरी जागा वेगळीच निघते.

अमाइन: जुनं, पण चालणारं

अमाइनने वायू धुण्याचं पेटंट १९३० सालचं आहे, आणि पद्धत मूळची तशीच राहिली आहे. मोनोइथॅनॉलअमाइनचं, म्हणजे एमईएचं, पाण्यातलं सुमारे ३० टक्के द्रावण ॲब्सॉर्बरमध्ये, म्हणजे वायू शोषणाऱ्या टॉवरमध्ये, वरून सोडतात आणि खालून गार केलेला धूर येतो. ४० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड अमाइनला चिकटतो आणि कार्बामेट नावाचं संयुग तयार होतं. वायू घेतलेलं रिच द्रावण स्ट्रिपरमध्ये जातं. तिथे साधारण १२० अंशांना वायू सुटतो आणि लीन झालेलं द्रावण परत वर चढतं.

खर्च होतो तो या स्ट्रिपरच्या रीबॉयलरमध्ये, म्हणजे तळाशी द्रावण तापवणाऱ्या भागात. एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साध्या एमईएला साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. त्यातला निम्मा भाग रासायनिक बंध तोडण्यात जातो. दर मोलला साधारण ८५ किलोज्यूल धरले, तर टनाला १.९ गिगाज्यूल होतात. उरलेली उष्णता द्रावणातलं पाणी तापवण्यात आणि त्याची वाफ करण्यात जाते. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण आयनिक द्रवांचा दावा याच दुसऱ्या भागावर आहे.

शिवाय अमाइन उडतं, ऑक्सिजनने सडतं आणि पोलाद गंजवतं. पकडलेल्या टनामागे किलो-दीड किलो एमईए वाया जातं, असा पायलट प्लांटमधला ढोबळ अनुभव आहे. वर्षाला दहा लाख टनांच्या प्लांटसाठी हे हजार-दीड हजार टन होतात.

तरीही प्रत्यक्षात उभं आहे ते अमाइनच. कॅनडातल्या बाउंडरी डॅम वीजकेंद्रात २०१४ पासून आणि टेक्सासच्या पेट्रा नोव्हात २०१७ पासून वापरलेली द्रावणं अमाइनवरचीच आहेत. आपल्याकडे तुतिकोरिनच्या सोडा ॲश कारखान्यात २०१६ मध्ये कार्बन क्लीन या कंपनीची यंत्रणा बसली. वर्षाला ६० हजार टन कार्बन डायऑक्साइड पकडून तो सोडा ॲशमध्ये वापरायचा, अशी ती योजना. ही कंपनी आयआयटी खरगपूरमधून बाहेर पडलेल्या दोन तरुणांनी काढलेली. २०२१ मध्ये जमशेदपूरला टाटा स्टीलने ब्लास्ट फर्नेसच्या वायूवर दिवसाला पाच टनांची यंत्रणा सुरू केली, तीही याच कंपनीच्या तंत्रावर. खत कारखान्यांना तर ही विद्या पाठच आहे. अमोनिया बनवताना कार्बन डायऑक्साइड काढावाच लागतो आणि पुढे तोच युरियात जातो. आपल्या अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यातली मंडळी हे रोज करतात.

आयनिक द्रव: मोठा आकडा कुठून आला

आयनिक द्रव म्हणजे खोलीच्या तापमानाजवळ वितळलेलं राहणारं मीठ. कॅटायन (धन आयन) मोठा आणि वेडावाकडा असला की स्फटिक नीट जमत नाही आणि मीठ द्रवरूप राहतं. ते जवळजवळ उडत नाही, म्हणून अमाइनसारखं वाऱ्यावर वाया जाण्याची भीती नाही.

१९९९ मध्ये रसायन अभियंत्या जोन ब्रेनेके आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ब्युटाइल-मिथाइल-इमिडाझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या द्रवात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळतो, पण तो द्रव मात्र कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळत नाही. ८० बार दाबाला मोल-अंश (मिश्रणातल्या एकूण मोलांत कार्बन डायऑक्साइडचा वाटा) ०.६ पर्यंत गेला होता. हा आकडा पुढे शेकडो प्रस्तावनांत फिरला.

आता तो धुराड्यावर आणून बघा. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ टक्के असतो आणि दाब वातावरणाइतकाच. म्हणजे त्याचा आंशिक दाब ०.१३ बारच्या आसपास. या द्रवाचा हेन्री स्थिरांक (आंशिक दाब भागिले मोल-अंश) २५ अंशांना सुमारे ५३ बार आहे. भागाकार केला की मोल-अंश येतो ०.००२५. पाव टक्का! नुसत्या भौतिक विद्राव्यतेवर धुराडं चालणार नाही, हे या एका भागाकाराने कळतं. जास्त दाबाच्या वायूसाठी हे द्रव चालू शकतात, पण तिथे सेलेक्सॉल आणि रेक्टिसॉलसारखी मुरलेली तंत्रं आधीच बसलेली आहेत.

म्हणूनच मला या विषयातला खरा वळणबिंदू २००२ चा वाटतो. साउथ अलाबामा विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी इमिडाझोलियम कॅटायनच्या हातालाच अमाइन गट जोडला. वायू पकडणारा गट आणि न उडणारं मीठ, दोन्ही एकाच रेणूत. साध्या दाबाला, खोलीच्या तापमानाला, तीन तासांत या द्रवाचं वजन ७.४ टक्क्यांनी वाढलं. निर्वातात ८० ते १०० अंशांना तापवल्यावर वायू सुटला, आणि पाच चक्रांनंतरही क्षमता घटली नाही. त्यात कल्पनेचा जो नेमकेपणा आहे, त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. इथून पुढे द्रवाला काम नेमून देता येतं, असा विश्वास रसायनशास्त्रज्ञांना आला.

डेव्हिस यांच्या द्रवात एका कार्बन डायऑक्साइडमागे दोन रेणू खर्च होत. २०१० मध्ये ब्रेनेके यांच्या नोत्र दाम विद्यापीठातल्या गटाने अमाइन कॅटायनवरून काढून ॲनायनवर (ऋण आयनावर) नेला. प्रोलिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांचे ॲनायन आणि लांब शेपट्यांचा फॉस्फोनियम कॅटायन घेतल्यावर प्रमाण जवळपास एकास एक झालं. 'क्षमता दुप्पट' असं याचं वर्णन होतं, आणि मोलच्या हिशेबात ते खरंही आहे.

तराजूवर ठेवल्यावर

पण प्लांटमधला पंप मोल मोजत नाही, किलो मोजतो. त्या फॉस्फोनियम प्रोलिनेटचा रेणूभार ५९८ आहे. पूर्ण एक मोल कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ४४ ग्रॅम, धरला तरी वजनात वाढ ७.४ टक्केच. डेव्हिस यांच्या द्रवाइतकीच!

शेजारी एमईए ठेवा. एक किलो द्रावणात ३०० ग्रॅम एमईए, म्हणजे ४.९ मोल. दोन एमईएमागे एक कार्बन डायऑक्साइड या हिशेबाने ते जास्तीत जास्त १०८ ग्रॅम वायू घेतं. वजनाच्या १०.८ टक्के, तेही सत्तर टक्के पाणी धरून. प्रत्यक्षात लीन द्रावणात थोडा वायू उरतोच, त्यामुळे एका फेरीत मिळतो साधारण ६५ ग्रॅम. पण तशीच कपात आयनिक द्रवालाही लागू आहे. हा हिशेब कोणत्याही विद्यार्थ्याला कागदावर दहा मिनिटांत करता येतो. प्रस्ताव लिहिण्याआधी तो कराच.

दुसरी अडचण चिकटपणाची. एमईएचं द्रावण खोलीच्या तापमानाला दोन-अडीच सेंटिपॉइज (चिकटपणाचं एकक). वरचं हेक्साफ्लुओरोफॉस्फेट सुमारे २७० सेंटिपॉइज, वायू घेण्याआधीच. अमाइन गटाच्या द्रवांत तर वायू शिरला की हायड्रोजन बंधांचं जाळं विणलं जातं आणि द्रव एरंडेलासारखा दाट, कधी जेलसारखा होतो. २००८ मध्ये नोत्र दाममध्येच झालेल्या संगणकीय अभ्यासात हे जाळं दिसलं. दाट द्रवात वायू आत सरकत नाही, मग टॉवर उंच करा, पंप मोठा बसवा, उष्णता-विनिमयकाचं क्षेत्रफळ वाढवा. उडण्याने वाचलेले पैसे इथे जातात.

उपायही तिथेच निघाला. ज्या ॲनायनमध्ये जाळं विणायला मोकळा हायड्रोजनच उरत नाही, असे पायरोलाइडसारखे वलयी ॲनायन त्याच गटाने २०१० मध्ये घडवले. वायू घेतल्यावरही त्यांचा चिकटपणा फारसा वाढत नाही. मला हे काम या सगळ्या क्षेत्रात सर्वांत शिकण्याजोगं वाटतं, कारण इथे अडचण नेमकी ओळखून रेणू बदलला आहे, नुसता आकडा वाढवलेला नाही.

पाण्याचं दुखणं वेगळं. धूर ओला असतो. थोडं पाणी मिसळलं की आयनिक द्रव पातळ होतो, हा फायदा. पण काही बेसिक ॲनायन पाण्याकडून प्रोटॉन घेऊन बसतात. आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेटचं जलविघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड सुटू शकतं, हे २००३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दाखवलं. 'ग्रीन सॉल्व्हंट' हे बिरुद ऐकून हातमोजे काढू नका.

उष्णतेत मात्र आयनिक द्रवांची बाजू भक्कम आहे. वाफ करायला पाणीच नाही आणि द्रवाची विशिष्ट उष्णता एमईए द्रावणाच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय ॲनायनवरचे गट बदलून बंध किती घट्ट हवा, ते ठरवता येतं: भौतिक विद्राव्यतेत मोलला १५ किलोज्यूल, एमईएत ८५, आणि या दोन्हींच्या मधली हवी ती जागा. ब्रेनेके यांच्या गटाने पुढे असे पदार्थही केले की जे वायू नसताना घन असतात आणि वायू घेतला की वितळतात. वायू सोडताना ते पुन्हा गोठतात, आणि गोठताना निघालेली उष्णता वायू सोडवायच्या कामी येते. घन पदार्थ पंप कसा करायचा, हा प्रश्न मात्र अभियंत्यांकडे उरतोच.

मग कोणी काय घ्यावं

केमिकल इंजिनीअरिंगची पार्श्वभूमी असेल, पायलट प्लांटजवळ राहायचं असेल आणि पुढे सिमेंट, पोलाद किंवा खत उद्योगात नोकरी करायची असेल, तर अमाइन घ्या. मिश्र अमाइन, कमी पाण्याची द्रावणं, अमाइनचं सडणं आणि गंज यांत अजून पुष्कळ काम बाकी आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडणं आणि वापरणं यासाठी राष्ट्रीय केंद्र झालं आहे, तिथली दिशाही नजरेखालून घाला.

संश्लेषणाची आवड असेल, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारे वर्णपट) वाचायला आवडत असेल, संगणकावर बंधाची ऊर्जा काढायची हौस असेल, तर आयनिक द्रव तुम्हाला खूप शिकवतील. पण टॉवरमध्ये एमईएची जागा घेण्याचं वचन प्रस्तावात देऊ नका. जिथे द्रव थोडा लागतो आणि थर पातळ असतो तिथे जा, कारण पातळ थरात चिकटपणा आड येत नाही. पडदे, म्हणजे वायू वेगळे करणारे मेम्ब्रेन, हे त्यातलं मला सर्वांत आशादायक वाटणारं क्षेत्र. वायोमिंग विद्यापीठात २००५ मध्ये दिसलं की आयनिक द्रवाचं पॉलिमर मूळ द्रवापेक्षा जास्त आणि लवकर वायू घेतं. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) पॉलीबेन्झिमिडाझोलवर आधारित अशा पॉलिमरांचं काम झालेलं आहे. विद्युतरसायन आवडत असेल तर २०११ चं 'सायन्स'मधलं काम वाचा: इमिडाझोलियमचं मीठ असताना कार्बन डायऑक्साइडपासून कार्बन मोनॉक्साइड बनवायला लागणारं जादा व्होल्टेज खूप घटलं.

तिसरा पर्याय म्हणून मॉफ, म्हणजे धातू-सेंद्रिय जाळ्या, कोणी सुचवेल. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांनाच मिळालं, त्यामुळे गर्दी वाढणार आहे. त्या घन पदार्थांनाही ओल्या वायूची कसोटी चुकत नाही.

लॅब निवडताना गाइडला थेट विचारा. व्हिस्कोमीटर (चिकटपणा मोजणारं यंत्र) आहे का? १३ टक्के कार्बन डायऑक्साइडचं ओलं मिश्रण सोडता येतं, की फक्त शुद्ध सिलिंडर आहे? पाचऐवजी शंभर चक्रं चालवायला स्वयंचलित यंत्रणा आहे का? फ्लुओरिनयुक्त ॲनायन विकत घ्यायला निधी किती वर्षांचा आहे? उत्तर 'नाही' आलं तरी विषय सोडायची गरज नाही, पण या सोयी असलेल्या दुसऱ्या लॅबशी सहकार्य पहिल्याच वर्षी लेखी ठरवून घ्या.