टेम्परेचरचा काटा आणि न खोललेले हेड

वरुड तालुक्यातील आमच्या संत्र्याच्या बागेत काकांनी जपलेली ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री ही 1296 सीसीची, दोन आसनांची उघडी गाडी आहे. काका गेल्यानंतर ती माझ्याकडे आली. मागच्या एप्रिलमध्ये दहा-बारा किलोमीटर चालवले की तिच्या टेम्परेचरचा काटा शेवटच्या खुणेला टेकू लागला. बाहेर पारा 44 अंशांवर होता, त्यामुळे इंजिन खरोखरच तापत आहे असे मी धरून चाललो आणि तिथेच चुकलो.

गाडी टेम्पोत चढवून नागपूरच्या एका गॅरेजमध्ये नेली. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड गाड्यांवर आपली हयात गेली, असे गॅरेजमालकाने सांगितले. स्पिटफायरची चासी हेराल्डवरूनच बेतलेली असल्याने माझा विश्वास बसला. त्याने पाण्याचे तापमान मोजले नाही. नुसता काटा पाहून हेड (इंजिनचा वरचा, सिलिंडर झाकणारा भाग) वाकले, त्याखालची सीलबंद करणारी हेड गॅस्केट गेली, फेसिंग म्हणजे हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करावा लागेल, असा निकाल दिला. गॅस्केट गेल्याचे एकही लक्षण नव्हते: रेडिएटरमध्ये बुडबुडे येत नव्हते, ऑइल दुधाळ झाले नव्हते, पाणीही कमी होत नव्हते. यांपैकी एखादी गोष्ट तरी मी त्याला विचारायला हवी होती. आठ दिवसांनी एका कच्च्या चिठ्ठीवर 38,500 रुपये घेऊन त्याने गाडी दिली. जुनी गॅस्केट मागितली, तर ती भंगारात गेल्याचे सांगितले. परतीच्या वाटेवर काटा पुन्हा वर गेला, तेव्हा फोनवर त्याचे उत्तर होते की काम नवीन आहे, इंजिन बसायला हजार किलोमीटर लागतील.

गावातले ट्रॅक्टरचे वायरिंग करणारे एक वयस्कर कारागीर गाडी पाहायला आले. त्यांनी इंजिन थंड असतानाच रेडिएटरच्या तोंडात थर्मामीटर सोडला आणि मग गाडी चालू ठेवली. काटा टोकाला गेला तेव्हा पाणी 84 अंशांवर होते, म्हणजे अगदी ठीक. ते म्हणाले, "भाऊ, पाणी उकळलंच नाही, तं हेड कायले खोललं?" मग त्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे बोट दाखवले. टाकी अर्धी असताना तोही पूर्ण भरल्याच्या खुणेपलीकडे गेला होता. हा इशारा महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर होता.

या गाडीत दोन्ही काट्यांना डॅशबोर्डमागच्या एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून वीज मिळते. त्यातली तापणारी पट्टी वीज सतत तोडत-जोडत सरासरी 10 व्होल्ट पुढे सोडते. त्याच्या डबीचे अर्थिंग (बॉडीशी असलेली विजेची जोडणी) गंजले की पट्टी तापत नाही, बॅटरीची पूर्ण वीज सरळ काट्यांना जाते आणि दोन्ही काटे एकदमच वर चढतात. आमच्याकडे डबीतून पुढे जाणारी वीज मोजली, तर मल्टिमीटर 13 व्होल्टच्या वर स्थिर होता. इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढताच काटा थंडकडे आला, म्हणजे वायर कुठे बॉडीला टेकलेली नव्हती. त्यांनी अर्थिंगची जागा घासून दिली, तरी फरक पडला नाही. पट्टीच चिकटली होती. अखेर जुन्या डबीच्या जागी स्थिर 10 व्होल्ट देणारा 7810 नंबरचा रेग्युलेटर बसवला. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतो आणि आमच्या गाडीप्रमाणे निगेटिव्ह अर्थिंग (बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली) असेल तर सरळ जोडता येतो. दोन्ही काटे जागेवर आले.

मात्र खरा धक्का त्यानंतर बसला. काकांना एक सवय होती: हेडचे नट आवळल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या भागापर्यंत ते पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवत, म्हणजे नट फिरला की रेघ तुटलेली दिसे. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनवरचे झाकण, काढून पाहिले, तर सगळ्या रेघा अखंड होत्या. हेड खोललेच गेले नव्हते. फेसिंग, गॅस्केट आणि मजुरी, यांतले काहीही झाले नव्हते.

जुनी गाडी बाळगणाऱ्यांनी काटा वर जाताच पेट्रोलचा काटाही पाहावा, पाणी स्वतः मोजावे आणि इंजिनला हात लावू देण्यापूर्वी नटांवर रंगाची खूण करून तिचे फोटो काढावेत. काढलेला प्रत्येक भाग परत मागावा आणि पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. गॅरेजमालक आता फोन उचलत नाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, म्हणून अमरावतीच्या जिल्हा आयोगासाठी मी अर्ज तयार केला आहे. त्याला कच्ची चिठ्ठी, पैसे पाठवल्याची बँकेची नोंद आणि त्या पिवळ्या रेघांचे फोटो जोडले आहेत.