करंगळीसाठी घेतलेला कीपॅड: आठ महिन्यांनंतर

कीबोर्डाऐवजी डाव्या हाताखाली ठेवायचा हा गेमिंग कीपॅड मी जिंकायला घेतला नव्हता, करंगळीसाठी घेतला होता. काउंटर-स्ट्राइक २ या गोळीबाराच्या कॉम्प्युटर गेममध्ये शिफ्टने दबकत चालायचं आणि कंट्रोलने खाली बसायचं, ही दोन्ही कामं डाव्या करंगळीची. दिवसभर ऑफिसचं टायपिंग, रात्री दोन तास हे. पुढे पुढे डब्याचं झाकण उघडतानाही ती ठणकायला लागली.

यात प्रत्येक बोटाला चार कींचा वेगळा मनोरा आहे. स्क्रू सैल करून तो पुढे-मागे सरकवता येतो, तिरकाही करता येतो. अंगठ्याला जॉयस्टिक. कुठल्या कीने काय करायचं ते कॉम्प्युटरवरून ठरवायचं.

पहिले तीन आठवडे हाल झाले. पुढे जायचं तर मी मागे जायचो. मित्र हेडफोनवर विचारायचे, "आज तुझ्याऐवजी कोण बसलंय रे?" मी वैतागून रोज सगळे मनोरे हलवायचो आणि दुसऱ्या दिवशी बोटं पुन्हा हरवलेली. तबला लावणारा एक गट्टा ठोकतो, ऐकतो, मग पुढच्याकडे जातो. तसं एका वेळी एकच बोट, तेही दोन-तीन मिलिमीटर, आणि मग आठवडाभर पान्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं. तेव्हा कुठे बसलं.

जॉयस्टिकने चालणं मात्र जमलं नाही. डावीकडून झटकन उजवीकडे यायचं तर ती मधलं अंतर पार करून येते. तेवढ्यात समोरचा गोळी घालतो. म्हणून चालणं कींवरच ठेवलं आणि जॉयस्टिक खाली ओढली की बसणं, वर ढकलली की दबकत चालणं. करंगळी मोकळी! ठणका दुसऱ्या महिन्यात थांबला.

एक चूक महागात पडली. एकाच कीवर टिचकी मारली तर फ्लॅशबँग (समोरच्याचे डोळे दिपवणारा बाँब), दाबून धरली तर बंदूक बदलणं, असं लावलं होतं. यातल्या क्यूएमके फर्मवेअरला, म्हणजे कीपॅडच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामला, टिचकी की दाब हे ठरवायला मूळ सेटिंगमध्ये २०० मिलिसेकंद लागतात. बंदूक हातात येईपर्यंत मी आडवा. आता एका कीला एकच काम. मॅक्रो, म्हणजे एक की दाबली की आपोआप होणारी अनेक कामं, त्यांच्या वाटेलाही जात नाही. ऑगस्ट २०२४ पासून गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर चालण्या-थांबण्याचं असं ऑटोमेशन पकडलं गेलं तर सामन्यातून बाहेर काढतात.

तक्रारी? चॅटमध्ये लिहायला कीबोर्ड लागतोच, म्हणजे टेबलावर दोन्ही. आणि अनामिकेचा मनोरा दर पंधरा दिवसांनी हळूच सरकतो. गॅरेजवाले नटावर रंगाची खूण करतात, तसे मी सगळ्याच मनोऱ्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके दिलेत.

ते ठिपके दिवाळीत कामी आले. भाचा बसला, त्याची बोटं लांब. त्याने न विचारता सगळे स्क्रू सोडले, दहा मिनिटं खेळला आणि "मामा, कीबोर्डच बरा" म्हणून उठला. मी चष्मा लावून लाल ठिपके जुळवत बसलो.