मुलांच्या जादूच्या कादंबऱ्या ऑडिओवर: आवाज एक नंबर, पण खूण हरवते

वर्गणीच्या ऑडिओबुक ॲपनं परत एकदा प्रकरणाची खूण, म्हणजे कुठवर ऐकलं ती जागा, घालवली, म्हणून हे लिहायला घेतलं. ऑडिओबुक म्हणजे काय, वर्गणी कशी भरतात, हे माहीत असेल असं धरून चालतो. उन्हाळी सुट्टी ते दिवाळी एवढा वापर झाल्यावरचं हे मत आहे.

आधी चांगलं. फॅन्टसी हा प्रकार कानाला मानवतो. चेटकीण, बोलका उंदीर, कुरकुरा म्हातारा राजा असे आवाज चांगला वाचक वेगवेगळे काढतो आणि पोरं वर्णनाची पानंही न कंटाळता ऐकतात. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

आता तीनच. कारण एकच, कुठवर ऐकलं ते ॲपला धड लक्षात राहत नाही. आठ-नऊ तासांची कादंबरी आणि खूण गेली की शोधत बसा. असं दोन कारणांनी होतं. एक, अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद झाल्यावर ॲप मागच्या मागे मारतो, आणि शेवटची जागा नोंदायची राहून जाते. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीपाशी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, हा त्रास बराच कमी होतो. दुसरं कारण जास्त चिडवणारं आहे. एकच खातं आईच्या फोनवर आणि पोराच्या टॅबवर असलं, आणि टॅब ऑफलाइन असला, की नेट मिळाल्यावर जो पुढं गेलाय त्याचीच जागा खरी धरली जाते. आईनं रात्री पुढची दोन प्रकरणं ऐकली की पोराचं रहस्य फुटलंच! प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल द्या. ती सोय नसेल तर एक पुस्तक एकाच यंत्रावर ऐका.

ग्राहक सेवेचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘ॲप काढून पुन्हा टाका’. त्यानं डाउनलोड केलेलं सगळं जातं, डेटा पुन्हा जळतो आणि खूण परत येत नाही ती नाहीच. गगनबावड्याच्या घाटात रेंज जाते, त्यामुळं कोकणात उतरायच्या आधी घरच्या वायफायवर पुस्तक उतरवून एकदा विमान मोडमध्ये लावून बघा.

वैतागून मेमरी कार्डचा स्पीकर वापरला तर तिथं वेगळीच गंमत. वर्गणीच्या ॲपमधल्या फायली कार्डवर जात नाहीत, त्या ॲपमध्येच वाजतात. म्हणून लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळाकडं वळायचं. स्वयंसेवकांनी वाचलेली, हक्क संपलेली पुस्तकं तिथं फुकट आहेत, पण मुख्यतः इंग्रजी. ६४ केबीपीएसची (हे आवाजाच्या दर्जाचं माप) एमपी३ घेतली तर तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे नऊ तासांचं पुस्तक २६० एमबीत बसतं. एकाच वाचकाचं रेकॉर्डिंग निवडा. दर प्रकरणाला माणूस बदलला की पात्रांचे आवाजही बदलतात आणि पोरं गोंधळतात.

स्वस्त स्पीकर फायली नावाप्रमाणं लावत नाही, कार्डवर ज्या क्रमानं कॉपी झाल्या त्या क्रमानं वाजवतो. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ची (१९००) २४ प्रकरणं नुसती १, २, ३ अशी नावं देऊन टाकली, तर कॉपी करतानाच १ नंतर १०, ११ येऊ शकतं आणि डोरोथी पाचूनगरीला आधी पोचते, रस्त्याला नंतर लागते. उपाय: कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा (फॅट३२ आणि एक्सफॅट या कार्डवर फायली ठेवायच्या पद्धती, त्यातली एक्सफॅट बऱ्याच स्पीकरना वाचता येत नाही), नावं ०१, ०२ अशी द्या, आणि फायली एकेक करून क्रमानं टाका. एवढं करूनही बंद करून चालू केल्यावर बहुतेक स्वस्त स्पीकर प्रकरणाच्या सुरुवातीला जातो.

सगळ्यात टिकाऊ निघाला कपाटात पडलेला जुना फोन. सिम काढा, विमान मोड लावा, एमपी३ भरा आणि प्रत्येक फोल्डरला वेगळं पुस्तक मानणारं प्लेअर टाका. स्मार्ट ऑडिओबुक प्लेअर हे काम नीट करतं, प्रत्येक पुस्तकाची खूण वेगळी ठेवतं. कोल्हापुरात राजारामपुरीत मिळते तसली साधी ऑक्स वायर (हेडफोनच्या भोकात बसणारी) स्पीकरला जोडा. ब्लूटूथ जुळवायची कटकट नाही आणि मध्येच मेसेजची टिंगटिंगही नाही. फोनला ऑक्सचं भोक आहे का तेवढं बघून घ्या.

स्लीप टायमर मिनिटांवर नको, ‘प्रकरण संपेपर्यंत’ ठेवा. ड्रॅगन तोंड उघडतोय आणि आवाज बंद, मग झोपतंय कोण! जुलैत पत्र्यावर पाऊस आणि डोक्यावर पंखा, अशात वाचकाची कुजबुज बुडते. आवाज वाढवला तर पुढची आरोळी कानठळ्या बसवते. त्यापेक्षा स्पीकर उशीजवळ आणा. लहान मुलांना हेडफोन टाळलेलाच बरा. इंग्रजी पुस्तकाला मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वेग ०.९ पुरतो, त्याहून हळू केलं की वाचक झोपेत बोलल्यासारखा वाटतो.

नकाशा कानाला दिसत नाही, ही या प्रकाराची खरी उणीव. काही पुस्तकांसोबत पीडीएफ येते, ती उघडून बघा. नसेल तर वहीत नावं आणि जागा लिहीत जायचं. छापील प्रत शोधायला कोल्हापूरचं १८५० पासूनचं ग्रंथालय, करवीर नगर वाचन मंदिर, आहेच.

पैशाचं म्हणाल तर वर्षभराची वर्गणी नको. सुट्टीपुरती भरा. ऑडिबल या ॲपमध्ये क्रेडिटनं (वर्गणीसोबत मिळणाऱ्या, पुस्तक घ्यायच्या टोकननं) घेतलेलं पुस्तक वर्गणी संपल्यावरही राहतं, वर्गणीत फुकट मिळालेलं मात्र हातचं जातं. म्हणून क्रेडिट सगळ्यात लांब पुस्तकावर घालवा. आणि बंद करताना यूपीआय ॲपमधलं ऑटोपेही रद्द झालंय का बघा, नुसतं ॲप डिलीट केल्यानं पैसे कापायचे थांबत नाहीत.