विंडोजमधला फुकटचा डिफेंडर: एका डीटीपीवालीचं मत

मी नारायण पेठेत घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, दिवाळी अंकांची पानं, सोसायट्यांचे अहवाल, येईल ते. त्यामुळे दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह हातात येतात, आणि ते माझ्याकडे येण्याआधी अप्पा बळवंत चौकातली झेरॉक्सची दुकानं, एखादी प्रेस आणि कॉलेजची लॅब असं सगळं फिरून आलेले असतात. घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला घ्यावा, असं ओळखीतले लोक म्हणूनच मला विचारतात. माझं उत्तर: बहुतेक घरांनी काहीच विकत घेऊ नये. विंडोजमध्ये असतो तो डिफेंडर पुरतो. मात्र काही घरांनी जरूर घ्यावं. ती कुठली, ते पुढे येईलच.

पुण्यात बसून असं म्हणायला जरा जीभ अडखळते. अँटिव्हायरस हा इथे गावचाच धंदा आहे. कैलास काटकरांचं मंगळवार पेठेतलं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान, धाकट्या भावाने, संजय यांनी लिहिलेला प्रोग्रॅम, आणि 2016 मध्ये शेअर बाजारात आलेलं क्विक हील, ही गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांनी सुरुवात केली तेव्हा विंडोजमध्ये स्वतःचं असं संरक्षणच नव्हतं, विकत घेणं भाग होतं. 2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि डिफेंडर पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आत बसला. सुरुवातीची काही वर्षं चाचण्यांमध्ये त्याची गणना तळाशीच व्हायची. आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत तो पैसे मोजून घ्यायच्या नावांच्या पंगतीला बसतो.

पेनड्राइव्हचं सांगते, कारण माझं निम्मं आयुष्य त्यात जातं. पेनड्राइव्ह उघडला की आत फायलींऐवजी एकच आयकॉन दिसतो. नाव पेनड्राइव्हचंच, पण कोपऱ्यात छोटा बाण. हा शॉर्टकट व्हायरस. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे व्हायरस आपोआप सुरू व्हायचा. मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये ती सोय जुन्या विंडोजमध्येही बंद करून टाकली, तेव्हापासून या मंडळींना आपल्या क्लिकची गरज पडते. म्हणून तो खऱ्या फायली लपवतो आणि हे बाणवालं आमिष समोर ठेवतो. आपण क्लिक केलं की आपल्या फायलीही उघडतात आणि मागच्या मागे तोही कामाला लागतो, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही.

डिफेंडर हे आमिष बहुतेक वेळा पेनड्राइव्ह उघडताक्षणी पकडतो. पण गंमत पुढे आहे. तो व्हायरस काढतो, लपवलेल्या फायली मात्र लपलेल्याच राहतात. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो आणि समोरचा माणूस माझ्यावरच डोळे वटारतो, ‘मॅडम, पत्रिकेचा मजकूर उडवलात?’ काही उडालेलं नसतं. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन हिडन फाइल्स दाखवायला सांगायचं, आणि त्याखालच्या ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढायची. विंडोज घाबरवणारा एक प्रश्न विचारतं, त्याला हो म्हणायचं. एक बिननावाचं फोल्डर वर येतं आणि सगळा ऐवज त्यात सापडतो. हे झालं की ती खूण परत करून ठेवायची, नाहीतर नको त्या फायलींवर कुणाचा तरी हात पडायचा.

डिफेंडरबद्दल माझी खरी तक्रार ही की त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट घरच्या मशीनवर बंद असते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये अगदी खाली ‘मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ आहे, तिथे ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू करा. मग अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये लुडबुड करता येत नाही. सुरुवातीला कटकट होते. एखादं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर फाइल सेव्हच करू शकत नाही आणि त्याला नाव घेऊन परवानगी द्यावी लागते. पण एकदा दिली की दिली. तशीच ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नको असलेली ॲप अडवायची सोय आहे, तीही चालू आहे ना ते बघा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरबरोबर जो कचरा येतो, तो बराचसा तिथेच अडकतो.

रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, मोठ्या कंपन्यांना होतो, आपल्याला कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांसाठी: आमच्या ओळखीतल्या एका प्रेसवाल्यांनी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरटी फाइल, उतरवला. क्रॅकबरोबर सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यांनी आज्ञाधारकपणे केला. मग प्रत्येक फाइलच्या नावाला एक विचित्र शेपूट लागलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: 980 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केलात तर निम्मे, म्हणजे 490. खंडणीतसुद्धा सेल! मी त्यांना नो मोअर रॅन्समची साइट दाखवली. युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था, डच पोलीस आणि काही अँटिव्हायरस कंपन्यांनी 2016 मध्ये ती सुरू केली, आणि ज्या रॅन्समवेअरच्या चाव्या हाती लागल्या आहेत त्यांची सोडवणूक तिथे फुकट मिळते. यांची चावी त्यात नव्हती. पत्रिकांचे जुने नमुने एका सीडीवर पडले होते म्हणून धंदा उभा राहिला. अशा वेळी कुठलंच पॅकेट काही करू शकत नाही, महागातलंही नाही, कारण पहारेकऱ्याला मालकानेच सुट्टी दिलेली असते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्यायची आणि डिस्क काढून ठेवायची, एवढाच त्यावर उतारा. कायम जोडून ठेवलेली डिस्कही त्याच तडाख्यात जाते.

डिफेंडर काय करत नाही? शेजारच्या काकूंच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात सारखं यायचं, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस’, वर एका नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह. व्हायरस एकही नव्हता. पंचांग बघायला म्हणून कुठल्याशा साइटवर गेल्या होत्या, तिथे ‘अलाउ’वर बोट पडलं, आणि ती साइट क्रोममधून नोटिफिकेशन पाठवत राहिली. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून तिचं नाव काढलं, विषय संपला. मोबाइलचा तर संबंधच नाही. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान किंवा लग्नाचं आमंत्रण म्हणून एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल येते, ती टाकली की ओटीपी परस्पर पळतात. तिथे डिफेंडरचा हात पोचत नाही. पैसे गेलेच तर बसून रडू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा.

आता विकत कुणी घ्यावं. याच काकूंनी. मुलगा कॅलिफोर्नियात, काका पंचाहत्तरीचे, नेट बँकिंग मात्र दोघांनाही हवं. त्यांना व्हायरस पकडणारं जास्त भारी यंत्र नको आहे, फोन केल्यावर मराठीत बोलेल आणि स्क्रीन बघून ‘काकू, हे बंद करा’ म्हणेल असा माणूस हवा आहे. पैसे त्या माणसाचे. म्हणून अँटिव्हायरसचा खोका घ्यायच्या आधी त्याच्या हेल्पलाइनवर एकदा फोन लावून बघा, कुठल्या भाषेत आणि किती वेळाने उचलतात ते. बाकी खोक्यावरची व्हीपीएन, ट्यूनअप, डार्क वेब वगैरे यादी सोडून द्या. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत आणि आसपास, तो छापील किमतीपेक्षा पुष्कळ कमीत मिळतो, पण सील बघून आणि बिल मागून घ्या. नव्या लॅपटॉपबरोबर जी ट्रायल येते, ती मुदत संपली की रोज भुणभुण करते. माझ्या लॅपटॉपवरची मी पहिल्याच दिवशी काढून टाकली. ती गेली की डिफेंडर आपोआप जागा होतो. दोन अँटिव्हायरस एकत्र मात्र नांदवू नका.

एक अट आहे. हे सगळं विंडोज 11 धरून चाललंय. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरगुती ग्राहकांना नोंदणी करून ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, तेवढी आधी करून घ्या. मशीन जुनं असेल तर 11 बसेलच असं नाही, त्याला टीपीएम 2.0 ही मशीनमधली सुरक्षेची चिप लागते. अपडेट बंद झालेल्या विंडोजवर हजार रुपयांचा अँटिव्हायरस घालायला कुणी सांगत असेल, तर ते पैसे नव्या मशीनच्या डब्यात टाका.