‘हाच पेपर येते दादा’ म्हणणाऱ्याकडून साडेसात हजारांना बसलो

नागपुरातल्या एका कॉलेजच्या लॅबचे सर्व्हर मी नऊ वर्षं सांभाळतोय, पण हातात एकही सर्टिफिकेट नाही. मिहानमधल्या एका कंपनीच्या एचआरनं फोनवर पहिलं तेच विचारलं. मग मायक्रोसॉफ्टची विंडोज सर्व्हरची एझेड-८०० ही सर्टिफिकेटची परीक्षा द्यायचं ठरवलं.

बर्डीवर एका क्लासच्या जिन्यात एक पोरगा भेटला. ‘अभ्यास कायले करता दादा? हाच पेपर येते, जसाच्या तसा.’ २१२ प्रश्नांची पीडीएफ, ३,५०० रुपये, नापास झालो तर पैसे वापस. टेलिग्राम ग्रुपवर १,००० पैकी ८६४ गुणांचा स्क्रीनशॉटही होता. तिथल्या तिथे यूपीआय केलं. खरं सांगतो, मला सराव नकोच होता, फुटलेला पेपर हवा होता.

चौदावा प्रश्न: डीएचसीपी सर्व्हर (मशीनला आपोआप नेटवर्कचा पत्ता देणारा) कोणत्या पोर्टवर, म्हणजे कोणत्या नंबरच्या दारावर, ऐकतो? उत्तर दिलं होतं ६८. आमच्या फायरवॉलमध्ये ६७ मीच उघडलेला, ६८ क्लायंटचा, म्हणजे पत्ता मागणाऱ्या मशीनचा. तरी वाटलं, आपलंच चुकत असेल. पैसे मोजले की माणूस स्वतःवर आधी शंका घेतो, पीडीएफवर नाही. पुढे /२६ च्या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तेवढ्या तुकड्यात, ६४ मशीन बसतात असं लिहिलेलं. पत्ते ६४ असतात हो, पण नेटवर्कचा आणि ब्रॉडकास्टचा सोडला की ६२ उरतात, हे लॅबमधली पोरंही सांगतात. अख्ख्या पीडीएफमध्ये जुना विंडोज सर्व्हर २०१२ आर२, आणि अझूर आर्कचं (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून बाहेरचे सर्व्हर सांभाळायची सोय) नाव कुठेच नाही. एझेड-८०० मध्ये तर ते अभ्यासक्रमातच आहे.

शेवटी पहिल्या पानाचं शीर्षक माउसनं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. स्क्रीनवर दिसत होतं एझेड-८००, नोटपॅडमध्ये आलं ७०-४१०. जुन्या नंबरावर पांढरा चौकोन ठेवून वर नवा नंबर टाईप केलेला! ७०-४१० ही सर्व्हर २०१२ ची जुनी परीक्षा, ३१ जानेवारी २०२१ लाच बंद झालीय.

पण हे कळेपर्यंत मी त्याच पोराकडे आणखी ४,००० घालवले होते. ‘अर्ध्या भावात परीक्षेचं व्हाउचर, आजच्या दिवसच.’ बुकिंग करताना कोड चाललाच नाही. त्याला कळवलं, तर दोन निळ्या टिका आल्या आणि मग डीपी गायब.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला मी चार दिवस लावले. काय सांगू, चोरीचा पेपर घेताना फसलो म्हणून? त्यांनी ते विचारलंही नाही. यूटीआर नंबर (व्यवहाराचा नंबर) आणि तारीख विचारली. पैसे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. पहिल्याच तासात फोन केला असता तर बँकेत अडकवता आले असते, असं तिकडून सांगितलं.

आणि पीडीएफ अस्सल निघाली असती तरी घोळच होता. असे प्रश्न वापरणं परीक्षेच्या करारातच मना आहे, पकडलं तर निकाल रद्द होतो. मायक्रोसॉफ्ट लर्नवर सराव परीक्षा फुकट आहे. मी ती आता देतोय. पहिल्यांदा ५४ टक्के पडले, म्हणजे फुटलेला पेपर का हवा होता ते समजलंच.

परवा लॅबमधल्या एका पोरानं मोबाईल पुढे केला. ‘सर, हे घेऊ का?’ तोच ८६४ चा स्क्रीनशॉट, नाव वेगळं. भाव आता ४,५०० झालाय.