पुण्याला ‘भेटायला’ निघालेल्या पोरांनो, आधी माझं ३८,४६०चं बिल बघा

आधीच सांगतो, मी रोजचा पिणारा नाही. वर्षातून दोन-तीनदा, दोस्तांबरोबर, एखादी बिअर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली-तोलाईचे दोन रुपये इकडचे तिकडे झाले तरी मला लगेच दिसतात. त्यामुळं जास्त जळतंय.

वय ३१. स्थळं बघून झाली, बायोडाटा तालुकाभर फिरला, ‘मुलगा पुण्यात असता तर’ हे पाठ झालं. मग डेटिंग ॲप टाकलं. यात हसण्यासारखं काही नाही, तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये ते आहे. आणि सांगलीत भेटणार कुठं? आयर्विन पुलावर कुणाबरोबर पाच मिनिटं उभं राहिलं की आपण घरी पोचायच्या आत मावशीचा फोन आईला पोचलेला असतो. म्हणून ॲपवर जुळलेली एक पोरगी ‘पुण्यात भेटू’ म्हणाली तेव्हा मला बरंच वाटलं.

सहा दिवस बोलणं झालं. चांगलं मराठी, अधूनमधून मिरजेच्या एका मैत्रिणीचा उल्लेख. कॉफीला भेटू म्हटलं तर म्हणाली, कॉफी काय काका लोक पितात, शनिवारची रात्र आहे. जागा तिनंच ठरवली. तुम्ही दुसरी जागा सुचवून बघा. दहा कारणं येतील, पण ती जागा बदलणार नाही. तिथंच ओळखा.

बाकी प्रकार तुम्हाला माहीतच असेल. पोरगी हॉटेलवाल्यांशी मिळालेली, बिल आपलं. मलाही माहीत होतं! अशा बातम्या मीच ग्रुपवर फॉरवर्ड केल्यात. पण त्या दिल्ली-मुंबईच्या. आणि ती एकदा म्हणाली होती, “तू सांगलीचा असून गावठी वाटत नाहीस.” त्या वाक्यानंतर मी मेनूकार्डातले दर बघायचेच बंद केले.

आता तो क्षण. रोज रात्री मी तिथंच अडकतो.

वेटर आला. मला विचारलं, “सर, तुमच्यासाठी?” मी बिअर सांगितली. तिला त्यानं विचारलंच नाही. दोन मिनिटांत तिच्यासमोर लाल रंगाचे दोन छोटे ग्लास आणि एक उंच ग्लास, वर छत्री खोचलेली. पहिल्यांदाच आलोय म्हणालेल्या पोरीला न विचारता, बरोबर तिचंच ड्रिंक! माझ्या डोक्यात एक काडी पेटली, नाही असं नाही. गंमत म्हणून मी एक छोटा ग्लास उचलून वास घेतला. सरबत. लग्नात वरातीला देतात ते लाल सरबत. दारूचा भपकारा शून्य. तिनं हसत माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, “ए, ते माझं आहे.” मीपण हसलो. वाटलं, असेल काहीतरी भारी, आपल्याला काय कळतंय. तिथंच उठायला हवं होतं. शंभराच्या दोन नोटा टेबलावर टाकून सरळ स्वारगेट.

आणखी एक. पाऊण तासात तिनं खांद्यावरची पर्स एकदाही खाली ठेवली नाही. बसायला आलेली बाई पर्स खुर्चीला अडकवते. ही निघायच्या तयारीतच बसलेली.

मग फोन आला, “आलेच दोन मिनिटांत,” आणि गेली. बिल आलं. कॉकटेल चार, ३,२०० प्रमाणे १२,८००. शॉट सहा, १,८५० प्रमाणे ११,१००. माझ्या दोन बिअर १,३००. स्टार्टर २,७५०, म्हणजे पनीरचे आठ तुकडे. सर्व्हिस चार्ज २,७९५. टेबल चार्ज ५,०००. टॅक्स २,७१५, कशावर किती ते विचारू नका. एकूण ३८,४६०. माझा पगार २४,०००.

दारात दोन बाउन्सर. मारलं नाही, हात लावला नाही, नुसते उभे राहिले. एक म्हणाला, “दादा, मॅडमसमोर ऑर्डर देताना रुबाब होता, आता काय झालं?” २५,००० यूपीआयवरून गेले, १३,४६० क्रेडिट कार्डावर. क्यूआर स्कॅन केला तर हॉटेलचं नाव नाही, कुठल्यातरी मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. तेव्हाही पिन टाकलाच. स्क्रीनवरचं नाव हॉटेलचं नसेल तर पिन टाकू नका, ११२ लावा.

बाहेर येऊन ॲप उघडलं तर तिनं अनमॅच केलेलं, सहा दिवसांचं बोलणं गायब. भेटायला जायच्या आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा.

रात्री पावणेबाराला चौकीत गेलो. पहिला प्रश्न, “पोरगी किती दिवसांची ओळख?” सहा दिवस म्हटल्यावर आतला दुसरा खुदकन हसला. दुसरा प्रश्न ऐका. “दारू प्यायचा परवाना आहे का?” महाराष्ट्रात पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना लागतो, खरंय. पण तो त्या हॉटेलात बसलेल्या किती जणांकडं होता, ते कोण विचारणार? मी लुटलो गेलो आणि आरोपीही मीच. मग ऐकवलं, “खाल्लंय, प्यायलंय, दर कार्डावर आहेत. ग्राहक मंचात जा.”

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावली. तक्रार नोंदवली, नंबर आला, पुढं काही नाही. बँकेत गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पेमेंट तुम्हीच केलंय ना? पिन तुम्हीच टाकला ना?” मागं रांगेत आमच्या यार्डातले दोन हमाल. ॲपवाल्यांकडून ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ असा मेल. सांगलीत पोलिसांकडं गेलो तर, “घटना पुण्याची, पुण्याला जा.” मी म्हटलं, साहेब, १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा कुठंही नोंदवता येतो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “मोबाइलवर वाचून आम्हाला कायदा शिकवू नका.” तीन दिवस, तीन खेपा, अडतीवर तीन अर्धे दिवस बिनपगारी. तिसऱ्या दिवशी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता. दहा मिनिटं ड्रॉवर उघडझाक. मी हललो नाही, मग सापडला.

वकील मित्र म्हणतो, हॉटेलला एमआरपीची अट नाही, २०१७ला सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, त्यामुळं नुसतं ‘महाग लावलं’ म्हणून भांडू नको. सर्व्हिस चार्ज मात्र जबरदस्तीनं लावता येत नाही. २०२२च्या जुलैत ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसं सांगितलंय, आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली हायकोर्टानंही ते उचलून धरलं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५वर, तक्रार करता येते. केलीय. २,७९५ आले तरी पुष्कळ.

घरी सांगितलंय की गाडीचं इंजिन काढलं. दादा रोज गाडीकडं बघतो, बोलत नाही.

हॉटेलचं नाव लिहीत नाही, मित्रानं दम दिलाय. पण कुणाच्या पेमेंटवर मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव आलं असेल तर मला कळवा. लाज माझी आधीच गेलीय, तुमचं नाव कुठं येणार नाही. तिघं-चौघं जमलो तर एकत्र अर्ज देऊ. पोच कशी घ्यायची ते मला आता माहीत आहे.