‘डिस्क जागेवर बसवतो’ म्हणून माझे ७३,१७९ रुपये घेतले

आधी हिशोब लिहिते, कारण तो रात्रंदिवस डोक्यात फिरतोय. शिबिराचे १९९. चोवीस बैठकांचे ६२,४००. कर्जाची प्रोसेसिंग फी १,१८०. कमरेचा पट्टा ३,८००. कॅप्सूल ५,६००. एकूण ७३,१७९ रुपये. ब्लाउज शिवून आणि फॉल-पिको करून साठवलेला पैसा आहे हा. आणि मी राहते मिरजेत, जिथे लांबलांबून लोक उपचाराला येतात. हे सांगताना मान खाली जाते.

कोणी म्हणेल, एवढंही कळलं नाही का? ज्याच्या पायात कंबरेपासून अंगठ्यापर्यंत अशी कळ कधी गेलेली नाही, त्याने हे विचारू नये. वीस दिवस मी आडवी झोपले नव्हते, भिंतीला टेकून बसून रात्र काढायची. एमआरआयमध्ये एल ४–एल ५ची डिस्क, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, बाहेर आलेली निघाली. हाडांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या, झेपेल तेवढं चाला, सहा आठवडे बघू म्हणाले. मला राग आला. जीव जातोय आणि बघू काय? त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर लागलं. तिथल्या पांढऱ्या कोटवाल्याने अर्धा तास माझं ऐकून घेतलं. विश्वास बसला तो तिथे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगलीतल्या सेंटरवर गेले. भिंतीवरच्या दिव्यावर एमआरआयच्या दोन फिल्म लावलेल्या. एकाच पेशंटच्या, आधीची आणि तीन महिन्यांनंतरची, असं त्याने सांगितलं. एकीत डिस्क बाहेर आलेली, दुसरीत सरळ. मी चष्मा लावून अगदी जवळ गेले होते. पहिल्या फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ५२ आणि एफ, दुसरीच्या कोपऱ्यात ३४ आणि एम. बावन्न वर्षांची बाई तीन महिन्यांत चौतीस वर्षांचा पुरुष झाली! मी ते वाचलं. माझ्या डोळ्यांनी वाचलं. मापाच्या वहीत अर्ध्या इंचाची चूक पकडणारी बाई मी, पण त्या क्षणी पाय इतका ठणकत होता की वाचलेलं डोक्यापर्यंत पोचलंच नाही. “ताई, रजिस्ट्रेशनचा ओटीपी आलाय बघा,” असं म्हणत त्याने माझा फोन मागितला आणि मी दिला. तो ओटीपी ५०,०००च्या कर्जाचा होता. वरचे १२,४०० त्याआधीच भरून झाले होते. उपचारासाठी कोणी ओटीपी मागितला तर तिथूनच उठा.

मशीनवर कंबर ताणायचे. तिसऱ्या आठवड्यात कळ निम्म्यावर आली आणि मी माझ्या जाऊबाईंनाही तिथे नेलं. त्यांचे १५,००० गेले, ते माझ्यामुळे. नंतर सर्जनने समजावलं तेव्हा डोळे उघडले. डिस्क सरकत नसते. तिचं बाहेरचं वेष्टन चिरतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नस दाबतो. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतार पडतो, बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू जिरवतं. म्हणजे जे फुकट होणार होतं तेच मला २,६०० रुपये बैठक या भावाने विकलं. माझ्या फिल्मवर त्या सेंटरवाल्याने लाल पेनाने तीन गोल काढले होते. काहीही दुखत नसलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही फुगलेली डिस्क दिसू शकते, हे त्याने सांगितलं नाही.

नवव्या बैठकीनंतर डाव्या पायातली चप्पल चालताना निसटायला लागली. दोनदा रस्त्यात मागे वळून चप्पल घातली. त्याला सांगितलं तर म्हणाला, नस मोकळी होतेय, चांगलं लक्षण आहे. आणखी दोन बैठका केल्या. मग मुलगाच सर्जनकडे घेऊन गेला. “अंगठा वर ओढा,” ते म्हणाले. ओढलाच जाईना. चार दिवसांत ऑपरेशन झालं. अंगठा आता उचलतो, पण पूर्ण नाही. पायातली ताकद गेली तर एक दिवस थांबू नका. लघवी अडली, कळेनाशी झाली किंवा बसायची जागा बधिर झाली तर रात्री दोन वाजता का होईना, मोठं हॉस्पिटल गाठा.

पुढचं ऐका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे. डॉक्टरांच्या नोंदणीच्या कचेरीत म्हणाले, तो माणूस आमच्या यादीतच नाही, मग आम्ही कारवाई कशी करणार? अहो, यादीत नाही हीच तर माझी तक्रार! पालिकेत म्हणाले, तिथे पेशंट भरती करत नाहीत, आमच्याकडे येत नाही. एक खिडकी, दुसरी खिडकी, अर्ज तीन प्रतींत, साहेब मीटिंगला. ऑपरेशनचे टाके असताना मी त्या जिन्यांवर पाच वेळा चढले. कर्जवाले म्हणतात, सेवा मिळाली की नाही ते आम्हाला माहीत नाही, हप्ता भरा. सेंटरची पावती काढून बघा, कुठेही उपचार हा शब्द नाही. ‘वेलनेस मेंबरशिप’ लिहिलंय. पैसे देण्याआधी पावतीचा नमुना मागा आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पावतीवर लिहून घ्या.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. त्या दोन फिल्मचे फोटो जाऊबाईंच्या फोनमध्ये सापडले, कोपऱ्यातली अक्षरं स्पष्ट दिसतात. तुमच्याकडे अशा सेंटरची पावती असेल तर फाडू नका. माझे अजून चार हप्ते बाकी आहेत, दर महिन्याच्या ५ तारखेला ५,००० कापले जातात.